प्रागचं खगोलीय घड्याळ पहिल्यांदा बघायला जाताय? आधी तबकडी वाचायला शिका

पहिल्यांदा प्रागला गेले तेव्हा दुपारचे बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी जुन्या टाउन हॉलसमोर पोचले. दोन-तीनशे माणसं माना वर करून उभी होती. टोला पडला, वरच्या दोन खिडक्या उघडल्या, लाकडी पुतळे एकामागून एक सरकत गेले, कोंबडा आरवला आणि संपलं. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नाही. गर्दी पांगली, तिच्याबरोबर मीही निघाले, आणि हॉटेलवर गेल्यावर लक्षात आलं की ज्या तबकडीसाठी हे घड्याळ सहाशे वर्षं सांभाळलं गेलं, तिच्याकडे मी नीट बघितलंच नाही.

दोन वर्षांनी सासूबाईंना घेऊन पुन्हा गेले. त्या रोज सकाळी चहाआधी पंचांग उघडतात. तबकडीचे काटे काय आहेत एवढंच मी त्यांना सांगितलं, पुढचं त्यांनीच मला वाचून दाखवलं. तेव्हापासून प्रागला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्याला मी हेच सांगते की पुतळ्यांसाठी एक मिनिट द्या आणि तबकडीसाठी एक तास. तिथी, राशी, उदय-अस्त हे शब्द ज्या घरात कानावर पडतात, तिथल्या माणसाला हे घड्याळ युरोपातल्या बऱ्याच पर्यटकांपेक्षा लवकर कळतं. ते कसं वाचायचं ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

१. निघण्यापूर्वीची कागदपत्रं

चेक प्रजासत्ताक शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतो. भारतातून जाणार असाल तर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळ मिळायलाच उशीर होतो, म्हणून दोन-अडीच महिने हातात ठेवा.

लागणारे कागद:
- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
- ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- जाण्या-येण्याचं आणि राहण्याचं आरक्षण
- बँकेचे तपशील, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र

इथे एक चूक फार जण करतात. सहलीत चार देश असतात आणि अर्ज प्रागसाठी भरला जातो, कारण तिथली वेळ लवकर मिळाली. नियम असा आहे की जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. आठ दिवस इटली आणि दोन दिवस प्राग असेल तर अर्ज इटलीकडे.

जर्मनीत, ऑस्ट्रियात किंवा दुसऱ्या शेंगेन देशात निवास परवान्यावर राहत असाल तर वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. फक्त परवान्याच्या कार्डाबरोबर पासपोर्टही खिशात असू द्या.

२. पैसे: युरो नव्हे, कोरुना

प्रागमध्ये कोरुना चालतो. युरो घेणारी दुकानं आहेत, पण भाव ती ठरवतात. कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, ‘रुपयात देणार की कोरुनात?’ दर वेळी कोरुना निवडा. रुपया निवडलात की दर त्या यंत्रवाल्याचा लागतो आणि तो नेहमी महागात पडतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, उत्तर तेच.

रोख बदलायचीच असेल तर आधी ‘माझ्या हातात नक्की किती कोरुना येणार’ हा आकडा लिहून मागा. पाटीवरचा मोठ्या अक्षरातला दर बऱ्याचदा वेगळ्याच व्यवहाराचा असतो. घड्याळापुढच्या चौकाजवळच्या एका दुकानात मी न विचारता नोट पुढे केली आणि नुकसान सोसून गप्प बसले. १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करायचा हक्क तिथल्या कायद्याने २०१९ पासून ग्राहकाला आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर परत गेले असते. म्हणून पावती टाकू नका. रस्त्यात गाठून नोटा बदलून देऊ म्हणणाऱ्याशी बोलूच नका.

३. तिथे पोचायचं कसं

विमानतळावरून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्थानकापर्यंत येते. तिथून हिरवी ‘ए’ मार्गिका धरून स्तारोमेस्त्स्का स्थानकावर उतरा आणि पाच-सात मिनिटं चाला. बर्लिन, ड्रेस्डेन किंवा व्हिएन्नाहून रेल्वेने आलात तर मुख्य स्थानक ‘सी’ मार्गिकेवर आहे. म्युझेऊमला बदलून ‘ए’ घ्या.

कागदी तिकीट घेतलं की ते पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची असते. आपल्याकडे तिकीट काढलं की काम झालं, म्हणून नवखा माणूस इथे हमखास फसतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस दंड घेतोच.

४. कुठे उभं राहायचं, केव्हा

घड्याळ टाउन हॉलच्या बुरुजाच्या दक्षिण भिंतीवर आहे. रस्त्यावरून बघायला तिकीट नाही. पुतळ्यांची फेरी सकाळी ९ पासून रात्री ११ पर्यंत दर तासाला होते, आणि प्रत्येक वेळी तीच असते. बाराच्या ठोक्याला काही जास्त दिसत नाही, गर्दी मात्र सर्वांत जास्त. सकाळी नऊची फेरी धरा. फेरी संपली की पुढची चाळीस मिनिटं घड्याळ जवळजवळ तुमच्या एकट्याचं असतं.

अगदी भिंतीखाली उभे राहू नका. मान दुखते आणि खालून बघताना तबकडीवरच्या रेषा नीट वाचता येत नाहीत. पंधरा-वीस पावलं मागे या. साधी छोटी दुर्बीण असेल तर न्याच, आकडे वाचायला तिचा फार उपयोग होतो. टोला पडायच्या वेळी सगळ्यांचं लक्ष वर असतं, आणि खिसेकापूंची वेळ हीच. बॅग पोटावर, पाकीट आतल्या खिशात.

५. घरून लिहून न्यायच्या चार गोष्टी

त्या दिवसाची तिथी, प्रागचा सूर्योदय, प्रागचा सूर्यास्त, प्रागचा चंद्रोदय. या चार गोष्टी हातात असल्या की तबकडी तुम्हाला तपासून बघता येते. पुण्या-मुंबईच्या वेळा उपयोगाच्या नाहीत. प्राग ५० अंश उत्तरेला आहे, जूनमध्ये तिथला दिवस सोळा तासांचा आणि डिसेंबरमध्ये जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे हा फरक दोन-सव्वादोन तासांचाच, म्हणून तो अंगवळणी पडलेला नसतो.

६. तबकडी वाचणं

ही पायरी घाईने करू नका. वरची मोठी तबकडी ही खरी जुनी. ती १४१० मध्ये कादानच्या मिकुलाश या घड्याळजीने केली, आणि गणिताची बाजू यान शिंडेल या विद्यापीठातल्या खगोलज्ञाची मानली जाते. आज चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं खगोलीय घड्याळ हेच.

आधी रंग बघा. मधलं निळं वर्तुळ म्हणजे पृथ्वी, आणि वरचा निळा भाग म्हणजे क्षितिजावरचं आकाश. त्याच्या खाली दोन्ही बाजूंना नारिंगी-तपकिरी पट्टा, तो संधिप्रकाश. सर्वांत खाली काळी रात्र. डाव्या बाजूला लॅटिनमध्ये ‘ऑरोरा’ म्हणजे उषा आणि ‘ऑर्टुस’ म्हणजे उदय लिहिलं आहे, उजवीकडे ‘ऑक्कासुस’ म्हणजे अस्त आणि ‘क्रेपुस्कुलुम’ म्हणजे सांजवेळ. नकाशाच्या सवयीने पूर्व उजवीकडे शोधाल तर गोंधळ होईल. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला पूर्व डाव्या हाताला असते, ही तबकडी तशी मांडलेली आहे.

आता सोनेरी सूर्य शोधा. तो एका लांब काट्यावर बसवलेला आहे आणि काट्याच्या टोकाला सोनेरी पंजा आहे. मिनिटकाटा या तबकडीवर नाहीच, तेव्हा मोबाईलशी मिनिटाला मिनिट जुळवत बसू नका. हा एकच सूर्य तीन वेगवेगळ्या पद्धतींनी वेळ सांगतो.

पहिली, रोमन अंकांची. बारा-बारा तासांचे दोन संच, एकूण चोवीस. वरचा बारा म्हणजे मध्यान्ह, खालचा बारा म्हणजे मध्यरात्र. काटा दिवसातून एकदाच फिरतो. चार-पाच मिनिटं बघूनही काटा हलल्यासारखा वाटला नाही तर घड्याळ बंद आहे असं समजू नका.

दुसरी पद्धत सर्वांत बाहेरच्या काळ्या कड्यावर आहे, जुन्या वळणाच्या सोनेरी अंकांत १ ते २४. हे जुने बोहेमियन (म्हणजे चेक) तास, आणि ते सूर्यास्तापासून मोजतात. २४ म्हणजे सूर्य मावळला. सूर्यास्त रोज बदलतो, म्हणून हे कडं वर्षभर मागेपुढे सरकत राहतं. आपला पंचांगातला दिवस सूर्योदयापासून सुरू होतो, यांचा सूर्यास्तापासून. मागच्या काळच्या कारागिराला, शेतकऱ्याला याचा सरळ उपयोग होता. पंजा २० वर असेल तर उजेडाचे चार तास उरले. तुमच्याकडे लिहून आणलेली सूर्यास्ताची वेळ आहे, ताडून बघा. मी बघितलं तेव्हा मला अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली.

तिसरी पद्धत निळ्या भागातल्या वाकड्या सोनेरी रेषांची. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा भाग, मग दिवस केवढाही असो. जूनमध्ये असा एक ‘तास’ आपल्या ८० मिनिटांचा, डिसेंबरमध्ये ४० मिनिटांचा. तिथे गाईड लोकांना हे समजावून सांगताना दमलेलं मी पाहिलं आहे. सासूबाई एका वाक्यात म्हणाल्या, “म्हणजे राहुकाळ काढतात तसंच की, दिनमानाचे भाग पाडायचे.” अगदी तेच. राहुकाळासाठी दिनमानाचे आठ भाग करतात, इथे बारा. या तासांना ग्रहांचे तास म्हणतात, म्हणजे आपल्या ज्योतिषातला होरा.

७. राशिचक्र आणि चंद्र

तबकडीवर मध्यापासून एका बाजूला कललेलं एक कडं फिरतं, ते राशिचक्र. आकाशाचा गोल सपाट चकतीवर उतरवताना क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याची आकाशातली वर्षभराची वाट, असं बाजूला सरकतं. सूर्य या कड्यावर रोज थोडा थोडा पुढे जातो आणि त्यामुळे स्वतःच्या काट्यावर आत-बाहेर घसरतो. उन्हाळ्यात तो तबकडीच्या बाहेरच्या काठाजवळ असतो आणि निळ्या भागातून लांबलचक फेरी मारतो. हिवाळ्यात मध्याजवळ येतो आणि लवकर बुडतो. सोळा तासांचा दिवस आणि आठ तासांचा दिवस, दोन्ही या एका घसरण्यातून निघतात. सबंध घड्याळात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

राशी वाचताना मराठी माणूस एका ठिकाणी अडखळतो. तबकडीवरचा सूर्य २१-२२ डिसेंबरलाच मकरेत शिरतो आणि आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला. घड्याळ चुकलेलं नाही, आपलं पंचांगही नाही. हे घड्याळ सायन राशी दाखवतं, वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून मोजलेल्या. आपलं पंचांग निरयन, तारकांना धरून. दोन्हींत आज साधारण २४ अंशांचं अंतर आहे, तेच अयनांश. लोकमान्य टिळकांनी ज्या पंचांगशोधनात लक्ष घातलं, त्यातला वाद याच अंतराभोवतीचा होता. तेव्हा स्वतःची पंचांगातली रास तबकडीवर शोधताना हे २४ अंश लक्षात ठेवा. राशिचक्रावर एक छोटा सोनेरी ताराही आहे. तो वसंतसंपाताची जागा दाखवतो आणि रोमन अंकांवर नाक्षत्र वेळ, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली वेळ सांगतो.

चंद्राचा काटा वेगळा. त्यावरचा गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा असतो आणि स्वतःभोवती वळून कला दाखवतो. त्याला वळवायची युक्ती गोळ्याच्या पोटातच आहे, एक वजन आणि मळसूत्र. सूर्याच्या जवळ आला की अमावास्या, बरोबर समोर गेला की पौर्णिमा.

आम्ही गेलो त्या ऑक्टोबरच्या दिवशी संकष्टी होती आणि सासूबाईंचा उपास होता. संध्याकाळी त्या घड्याळापुढे उभ्या राहिल्या. चंद्राचा गोळा डावीकडे तपकिरी पट्ट्यात होता, म्हणजे क्षितिजाखाली. “अजून वर आला नाही,” त्या म्हणाल्या, आणि तिथल्याच एका कट्ट्यावर बसल्या. गोळा निळ्याच्या कडेला आला तरी चौकातून घरांमुळे चंद्र दिसेना. मग आम्ही चार्ल्स पुलावर जाऊन पूर्वेकडे, जुन्या गावाच्या बाजूला तोंड करून थांबलो. थोड्या वेळाने छपरांच्या वर चंद्र आला. बरोबर नेलेल्या डब्यातले लाडू त्यांनी तिथेच फोडले. तुम्हीही उपास करत असाल तर चंद्रोदयाची वेळ मात्र लिहून आणलेलीच धरा, तबकडीवरचा चंद्र सरासरी गतीने चालतो, खरा चंद्र कधी भरभर, कधी हळू.

सूर्य, राशिचक्र आणि चंद्र हे तिन्ही कसे चालतात त्याचं गणित इतकं सोपं आहे की शाळेतल्या मुलांना सांगता येईल. मागे एकाच आकाराची तीन मोठी चाकं आहेत, प्रत्येकी ११६ सेंटिमीटर व्यासाची. दात ३६५, ३६६ आणि ३७९. तिन्हींना २४ दातांची सारखीच छोटी चाकं फिरवतात. ३६६ दातांचं चाक सूर्याचं, ते २४ तासांत एक फेरी करतं. राशिचक्राच्या चाकाला एक दात कमी, म्हणून ते सुमारे चार मिनिटं आधी फेरी संपवतं, आणि तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात ते यामुळे जुळतं. चंद्राच्या चाकाला तेरा दात जास्त, म्हणून तो रोज जवळजवळ ५१ मिनिटं मागे पडतो. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो हे संकष्टी करणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असतं. मिकुलाशने ते दातांत मोजून बसवलं.

८. पुतळे आणि खालची चकती

तबकडीच्या डावीकडे आरसा धरलेला गर्व आणि पैशाची थैली धरलेला कंजूस. उजवीकडे सांगाडा म्हणजे मृत्यू, आणि शेजारी ऐषारामाचं प्रतीक म्हणून तुर्क. टोल्याच्या वेळी सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि वाळूचं घड्याळ उलटं करतो. बाकीचे तिघं ‘अजून नाही’ म्हणून मान हलवतात. वर खिडक्यांत बारा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य जातात. फेरी बघताना डोळे खिडक्यांवर नव्हे, सांगाड्यावर ठेवा, जास्त मिळेल.

खालची चकती दिनदर्शिकेची. योसेफ मानेस याने १८६५-६६ मध्ये बारा महिन्यांची शेतकामं रंगवली. मूळ चित्रं शहराच्या संग्रहालयात आहेत, इथे दिसते ती प्रत. कडेला ३६५ दिवस आणि प्रत्येक दिवसाच्या संताचं नाव. चकती रोज एक घर सरकते, वरचा दर्शक आजची तारीख दाखवतो. आपला वाढदिवस शोधायला मुलांना इथे उभं करा.

गाईड तुम्हाला हानुश घड्याळजीची गोष्ट सांगेल. दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून नगरपरिषदेने त्याचे डोळे काढले, आणि त्याने सूड म्हणून यंत्र मोडलं. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपण ऐकतो, तिच्यासारखीच ही. मिकुलाशचं नाव सांगणारा ९ ऑक्टोबर १४१० चा कागद सापडला आहे, आणि त्यामुळे हानुशला घड्याळाचा कर्ता मानायचं कारण उरलेलं नाही.

खरी हानी झाली ती मे १९४५ मध्ये, युद्धाच्या शेवटच्या दिवसांत. जर्मन तोफांच्या आगीत टाउन हॉलची एक बाजू जळाली आणि लाकडी पुतळेही गेले. आज दिसणारे प्रेषित वोयतेख सुखार्दा याने नव्याने कोरलेले, १९४८ मध्ये घड्याळ पुन्हा चालू झालं. २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली तेव्हा तोवरचं विजेचं यंत्र काढून १८६० च्या दशकातलं जुनं यंत्र परत बसवलं.

९. आत जायचं तर

आतलं तिकीट वेगळं. त्यात जुनी दालनं, तळघर आणि मनोरा येतो. मनोरा १३६४ चा, सुमारे ७० मीटर उंच, आणि लिफ्ट आहे, म्हणून ज्येष्ठांना न्यायला हरकत नाही. तासाच्या पाच मिनिटं आधी प्रार्थनाघरात पोचा. तिथून प्रेषितांचे पुतळे आतल्या बाजूने, अगदी जवळून दिसतात. बाहेरच्या गर्दीतल्या बहुतेकांना हे माहीत नसतं. सोमवारी सकाळी इमारत उशिरा उघडते, वेळ आदल्या दिवशी बघून घ्या.

१०. वेळ उरला तर

चौकात फरशीत बसवलेली पितळी पट्टी शोधा. ती प्रागची याम्योत्तर, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. मेरी स्तंभाची सावली तिच्यावर पडली की गावात मध्यान्ह धरत. स्तंभ १९१८ मध्ये पाडला गेला आणि २०२० मध्ये पुन्हा उभा राहिला. भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होती. तिच्या आठवणी ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांना गावाची स्वतःची वेळ म्हणजे काय ते या पट्टीपाशी लगेच कळेल.

त्याच चौकातल्या ‘टीन’ नावाच्या चर्चमध्ये खगोलज्ञ टायको ब्राहे याचं थडगं आहे. तो १६०१ मध्ये प्रागमध्येच वारला, आणि त्याच्या निरीक्षणांवर काम करून केप्लरने १६०९ मध्ये ग्रहगतीचे पहिले दोन नियम मांडले. तिथून दहा मिनिटं चालत योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीत गेलात तर ज्यू टाउन हॉलवर हिब्रू अक्षरांचं एक घड्याळ दिसेल. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे त्याचे काटेही उलटे फिरतात. ते मायसेलोवा रस्त्यावर आहे, मान थोडी वर ठेवून चाला, नाहीतर खालून तसेच पुढे निघून जाल.